आठ जातींचा आकडा आणि ‘आफ्टर’चा वाद

इंग्रजीत शब्दांच्या जाती आठ, हे शाळेपासून पाठ असतं. हा आकडा मुळात ग्रीक व्याकरणातला. त्या यादीत विशेषण वेगळं नव्हतं, ते नामातच मोडायचं. आर्टिकल आणि धातुसाधित यांना मात्र स्वतंत्र जागा होती. लॅटिनमध्ये आर्टिकल नाही, म्हणून त्या जागी केवलप्रयोगी अव्यय आलं आणि आठाचा मेळ जमला. १५८६ साली इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण निघालं, तेही लॅटिनच्याच साच्यातलं. आज पाठ होणारी यादी १७६१ च्या एका इंग्रजी व्याकरणात दिसते: विशेषण नामापासून सुटलं, धातुसाधिताची वेगळी जात गेली. १७९५ च्या, पुढे कित्येक दशकं शाळांतून चाललेल्या पुस्तकाने आर्टिकल धरून नऊ जाती सांगितल्या.

विसाव्या शतकात हा साचाच हलला. १९५२ साली एका अमेरिकी अभ्यासकाने टेलिफोनवरची संभाषणं ध्वनिमुद्रित करून, अर्थ बाजूला ठेवून, फक्त वाक्यातल्या जागेवरून शब्दांची वर्गवारी केली. चार मोठे वर्ग आणि पंधरा छोटे गट निघाले. जुनी नावंही त्याने टाकली; वर्गांना आकडे दिले, गटांना अक्षरं.

सगळ्यात जास्त घोळ आहे तो ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘सिन्स’ या शब्दांचा. ‘आफ्टर डिनर’ म्हटलं की प्रेपोझिशन (शब्दयोगी अव्यय). ‘आफ्टर आय एट’ म्हटलं की कंजंक्शन (उभयान्वयी अव्यय). ‘सून आफ्टर’ म्हटलं की ॲडव्हर्ब (क्रियाविशेषण). अर्थ तोच, शब्द तोच, लेबलं तीन. पुढे नाम आलं, वाक्य आलं की काहीच आलं नाही, एवढाच फरक. क्रियापदाच्या बाबतीत असं कोणी करत नाही: ‘नो’ (know, माहीत असणे) या शब्दापुढे नाम येवो, वाक्य येवो, ते क्रियापदच राहतं. १९२४ साली एका डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने हाच मुद्दा मांडला. २००२ च्या एका मोठ्या इंग्रजी व्याकरणाने ‘आफ्टर’ तिन्ही ठिकाणी प्रेपोझिशन ठरवलं. मराठी वाचकाला हे पटायला सोपं जावं. ‘जेवणानंतर’ आणि ‘जेवल्यानंतर’ यांतल्या ‘नंतर’ला आपण दोन्हीकडे शब्दयोगी अव्ययच म्हणतो.

शाळा मात्र जुन्याच वाटेने गेल्या. इंग्लंडच्या २०१३ च्या अभ्यासक्रमाने ‘डिटरमिनर’ (नामाआधी येणारे ‘द’, ‘धिस’, ‘माय’ असे शब्द) ही नवी संज्ञा प्राथमिक वर्गांत आणली, पण ‘बिफोर’, ‘सिन्स’ हे प्रेपोझिशनही असू शकतात आणि कंजंक्शनही, अशी जुनी विभागणी ठेवली. २०१६ साली तिथल्या शाळांच्या मंत्र्याला रेडिओवर ‘आय वेन्ट टू द सिनेमा आफ्टर आय हॅड ईटन माय डिनर’ यातला ‘आफ्टर’ कोणता, असं विचारलं. तो प्रेपोझिशन म्हणाला. अभ्यासक्रमाप्रमाणे ते चूक होतं आणि त्याची बरीच चर्चा झाली. २००२ च्या व्याकरणाप्रमाणे ते उत्तर बरोबर आहे, हे त्या चर्चेत फारसं कोणी ऐकलं नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती नावाची. ग्रीक आणि लॅटिन संज्ञांचा अर्थ ‘वाक्याचे भाग’ असा होतो. आपण ‘शब्दांच्या जाती’ म्हणतो. जात म्हटलं की ती शब्दाला जन्मापासून चिकटलेली वाटते. म्हणून ‘वॉटर द प्लान्ट्स’ (झाडांना पाणी घाला) समोर आलं, जिथे ‘वॉटर’ क्रियापद आहे, की ‘वॉटर’ म्हणजे पाणी, पाणी म्हणजे नाम, असं उत्तर लिहून विद्यार्थी गुण घालवतात.