अध्यापन-सुधारणा अनुदान: अर्ज करण्यापूर्वी

संशोधनासाठी विद्यापीठाकडून पैसे मिळतात हे प्रत्येक प्राध्यापकाला ठाऊक असतं. पदवीच्या वर्गातलं शिकवणं आणि अभ्यासक्रम सुधारण्यासाठीही अनेक विद्यापीठं अंतर्गत अनुदान देतात, याची खबर मात्र बऱ्याच जणांना मुदत उलटून गेल्यावर लागते. रक्कम संशोधनाच्या मानाने लहान असते आणि काम बहुधा वर्षभरात आटपायचं असतं.

पूर्णवेळ अध्यापक पात्र असतातच. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना काही ठिकाणी स्वतंत्र अर्ज करता येतो, तर काही ठिकाणी पूर्णवेळ सहकारी मुख्य अर्जदार म्हणून लागतो. पीएचडीचे विद्यार्थी गटात चालतात, मुख्य अर्जदार म्हणून सहसा नाही. विषय पदवी स्तरावरचा हवा. आधीच्या अनुदानाचा अहवाल थकला असेल तर नवा अर्ज बहुधा छाननीतच बाद होतो.

आता खरी मेख. 'विषय रंजक करायचा आहे' या वाक्याला समिती गुण देत नाही. मुलं नेमकी कुठे अडतात आणि ते तुम्हाला कशावरून कळलं, हे तिला हवं असतं. पायाभूत संख्याशास्त्राचा पेपर घ्या. मागच्या तीन परीक्षांच्या उत्तरपत्रिका चाळल्यावर दिसलं, की प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत) बहुतेकांना काढता येतं, पण प्रमाण त्रुटी (नमुन्यावरून काढलेली सरासरी किती डळमळीत आहे) विचारली की तोच आकडा पुन्हा लिहितात. किती जणांनी तसं केलं ते मोजा, की अर्ज निम्मा झाला. उरलेल्या निम्म्यात तुम्ही काय बदलणार आणि त्यानंतर तोच प्रश्न पुन्हा कसा तपासणार, एवढंच लिहायचं.

संदर्भ म्हणून २०१४ चा स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास सर्रास दिला जातो. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास त्यांनी एकत्र तपासले. निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के निघालं, तर मुलांना वर्गातच कामाला लावणाऱ्या पद्धतींत सुमारे २२ टक्के. आकडा दमदार आहे, जरूर द्या. पण तो शेजारच्या अर्जातही असणार. तुमच्या वर्गाचा आकडा फक्त तुमच्याकडे आहे. भौतिकशास्त्रवाल्यांचं काम थोडं सोपं, कारण बलाच्या संकल्पना तपासणारी 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही तयार चाचणी १९९२ पासून उपलब्ध आहे. सत्राच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा द्यायची.

कागदपत्रं फार नसतात: प्रस्ताव, सध्याचा अभ्यासक्रम, वेळापत्रक, अंदाजपत्रक, दोन पानी परिचय आणि विभागप्रमुखांचं पत्र. या पत्रावर मात्र अनेक अर्ज अडतात. 'प्रस्तावास शुभेच्छा' असं पत्र कुचकामी. हा विषय पुढची दोन वर्षं तुमच्याकडेच राहील आणि बदललेला अभ्यासक्रम विभाग चालवेल, हे त्यात स्पष्ट हवं. मसुदा स्वतःच करून दोन आठवडे आधी हातात द्या. विभागप्रमुखांनाही तेच सोयीचं असतं.

अंदाजपत्रकात 'विद्यार्थी सहायक, एकरकमी' असं लिहू नका. २ सहायक, आठवड्याला ६ तास, १५ आठवडे, म्हणजे १८० तास, आणि प्रत्येक तासाला नेमकं काम. सुट्टीतल्या तयारीचं मानधन, सॉफ्टवेअरचा परवाना, बाहेरचा तज्ज्ञ हे खर्च बहुधा चालतात. स्वतःसाठी लॅपटॉप, फर्निचर, संशोधन-परिषदेचा प्रवास बहुधा नाही. लॅपटॉपची ओळ पाहिली की परीक्षक बाकीचा अर्जही संशयाने वाचतो, हे मानवी आहे.

मुलांच्या गुणांवर किंवा प्रतिसादांवर पुढे शोधनिबंध लिहायचा विचार असेल, तर नीतिसमितीची (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीची) परवानगी माहिती गोळा करण्याआधी घ्यावी लागते. सत्र संपल्यावर मागितलेली परवानगी सहसा मागच्या तारखेपासून मिळत नाही.

अर्ज नामंजूर झाला तर परीक्षकांचे शेरे मागवून घ्या. बऱ्याच ठिकाणी ते मागितल्याशिवाय पाठवत नाहीत.