निळीच्या पुडीतला बदख्शान

पांढऱ्या कपड्यांना नीळ देण्याची रीत आता बऱ्याच घरांतून उठून गेली आहे. पण ज्यांनी ती पाहिली आहे, त्यांना तो छोटासा सोहळा आठवत असेल. धुऊन पिळलेली धोतरे आणि सदरे एका बाजूला, स्वच्छ पाण्याची बादली दुसऱ्या बाजूला, आणि जुन्या मलमलीच्या फडक्यात बांधलेली निळीची पुरचुंडी. ती पाण्यात दोन-तीनदा हलवली की बादलीतले पाणी आकाशी होई. पूड थेट पाण्यात न टाकता फडक्यात का बांधायची, याचे कारण साधे आहे. ही पूड पाण्यात विरघळत नाही. तिचे अतिसूक्ष्म कण पाण्यात नुसते तरंगत राहतात, आणि एखादी गुठळी कपड्यावर बसली की तिथे निळा ठिपका उमटतो.

किराणा दुकानातल्या पुडीतला हा पदार्थ रासायनिकदृष्ट्या तोच आहे, ज्याच्यासाठी पंधराव्या शतकातले इटालियन चित्रकार ग्राहकांशी वेगळा करार करीत आणि जो अफगाणिस्तानातल्या एका दुर्गम खोऱ्यातून खेचरांच्या पाठीवरून जगभर जात असे. ज्या निळ्या दगडातून तो मिळे त्याचे नाव लाजवर्द, संस्कृतात राजावर्त. युरोपीय भाषांतले निळ्या रंगाचे 'अझूर', 'अझुरो' हे शब्दही याच फारसी लाजवर्दपासून आले आहेत.

डोक्यावर निळे आकाश आणि समोर निळा समुद्र असताना निळा रंग दुर्मीळ का असावा, हा प्रश्न रास्त आहे. पण आकाशाची निळाई खरवडून घेता येत नाही आणि समुद्राचे पाणी ओंजळीत घेतले की ते रंगहीन दिसते. मोराच्या पिसातही निळे रंगद्रव्य नसते. तिथली निळाई पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाशाच्या होणाऱ्या खेळामुळे दिसते आणि पीस कुटून भुकटी केली तर ती तपकिरी निघते. भिंतीवर किंवा फळीवर लावता येईल असा रंग मातीतून किंवा दगडातून मिळावा लागतो, आणि तिथे निसर्गाने हात आखडता घेतला आहे. लाल गेरू आणि पिवळी माती जगात जवळजवळ सर्वत्र सापडतात, कारण दोन्हींचा रंग लोहाच्या संयुगांमुळे येतो आणि पृथ्वीच्या कवचात लोहाला तोटा नाही.

निळ्याची अडचण आणखी खोलवरची आहे. पदार्थ निळा दिसायचा तर त्याने पांढऱ्या प्रकाशातला लाल-नारिंगी भाग शोषून घ्यायला हवा. लाल प्रकाशाच्या कणांत ऊर्जा कमी असते, म्हणून ती शोषण्यासाठी पदार्थातल्या इलेक्ट्रॉनला एकमेकींच्या फार जवळ असलेल्या दोन पायऱ्या मिळाव्या लागतात. शिवाय याच पदार्थाने अधिक ऊर्जेचा निळा प्रकाश मात्र न शोषता परत पाठवायला हवा. बहुतेक खनिजांचे वर्तन याच्या उलट असते: ती जोरकस निळा-जांभळा प्रकाश शोषतात आणि लाल-पिवळा सोडून देतात. जवळच्या पायऱ्या आहेत पण वरची दारे बंद आहेत, अशी घडण असलेले पदार्थ मोजकेच आहेत.

अशा मोजक्यांपैकी एक ईशान्य अफगाणिस्तानातल्या बदख्शान प्रांतात, कोकचा नदीच्या वरच्या खोऱ्यात, सार-ए-संग येथे सापडतो. जगातल्या सर्वांत दीर्घकाळ चालू असलेल्या खाणींमध्ये या खाणींची गणना होते. सहा हजारांहून अधिक वर्षे तिथून लाजवर्द निघत आहे. खाणकामाची जुनी पद्धत अशी की खडकाच्या अंगाला मोठा जाळ घालायचा, खडक तापला की त्यावर थंड पाणी मारायचे आणि तडे गेले की पहारीने ढलपे काढायचे. हा दगड इराकमधल्या ऊर येथील साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडतो, म्हणजे त्या काळी तो दोन हजारांहून अधिक किलोमीटरचा प्रवास करीत होता. हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी तर आमू दर्या आणि कोकचा या नद्यांच्या संगमाजवळ शोर्तुगाई येथे वसाहतच केली होती. आपल्या मुख्य प्रदेशापासून इतक्या दूर जाऊन बसण्यामागे लाजवर्दचा व्यापार हे प्रमुख कारण मानले जाते. इजिप्तचा फारो म्हणजे राजा तुतनखामेन याच्या सोन्याच्या मुखवट्यात भुवया आणि डोळ्यांच्या कडा लाजवर्दच्या आहेत. त्याच मुखवट्यावरच्या शिरोवस्त्राचे निळे पट्टे मात्र काचेचे आहेत. खरा दगड डोळ्यांपुरता वापरायचा आणि बाकी अंगाला नक्कल, ही काटकसर फारोलाही चुकली नव्हती.

इजिप्तने नक्कल करण्यात मोठी मजल मारली होती, हे इथेच नोंदवले पाहिजे. वाळू, चुना, तांब्याचे खनिज आणि क्षार एकत्र करून ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजले की कॅल्शियम-तांबे-सिलिकेट तयार होते. 'इजिप्शियन निळा' म्हणतात तो हाच, आणि माणसाने बनवलेला हा पहिला कृत्रिम रंग मानला जातो. रोमन साम्राज्यानंतर त्याची कृती हळूहळू विस्मृतीत गेली आणि युरोपला पुन्हा बदख्शानकडे पाहावे लागले.

दगड मिळाला म्हणजे रंग मिळाला, असे मात्र नव्हे. लाजवर्द खलबत्त्यात कुटला तर हाती येते ती करडी पूड, कारण निळ्या लाझुराइट खनिजाबरोबर त्यात पांढरे कॅल्साइट आणि सोनेरी ठिपक्यांचे पायराइट मिसळलेले असते. त्यावरचा उपाय १४००च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने लिहून ठेवला आहे, आणि तो वाचताना स्वयंपाकघराची आठवण यावी. दगडाची वस्त्रगाळ पूड मेण आणि राळ यांच्या वितळलेल्या मिश्रणात घालायची, तिचा कणकेसारखा गोळा करायचा आणि काही दिवस तो रोज मळायचा. मग राखेच्या क्षारयुक्त कोमट पाण्याखाली हा गोळा दाबत राहायचे. निळे कण पाण्यात सुटून तळाशी बसतात, पांढरे आणि सोनेरी कण मेणात अडकून राहतात. पहिल्या पाण्यातला रंग सर्वांत गडद आणि महाग, दुसऱ्यातला त्याहून हलका, आणि शेवटच्या पाण्यातून निघते ती निव्वळ निळसर राख. समुद्रापलीकडून आलेला म्हणून या रंगाला युरोपात 'अल्ट्रामरीन' हे नाव पडले.

अजिंठ्याच्या लेण्यांत हा दगड त्याआधी कितीतरी शतके येऊन पोहोचला होता. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात रंगवलेल्या भित्तिचित्रांतला लाल-पिवळा रंग गेरू आणि पिवळ्या मातीचा आहे, हिरवा हिरव्या मातीचा आहे, काळा काजळीचा आहे. म्हणजे बहुतेक रंगपेटी आसपासच्या डोंगरांतून भरता येण्यासारखी होती. निळा तेवढा बाहेरचा, लाजवर्दचा. वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावरच्या त्या कड्यात, दिव्याच्या उजेडात बसून काम करणाऱ्या चित्रकाराच्या शिंपल्यात हिंदुकुशातला दगड होता, हे ध्यानात घेतले की सातवाहन-वाकाटकांच्या व्यापारी मार्गांबद्दलची पाठ्यपुस्तकातली वाक्ये एकदम खरी वाटू लागतात.

युरोपात हा रंग प्रामुख्याने येशूची आई मेरी हिच्या चित्रातल्या वस्त्रासाठी राखून ठेवला जाई. फ्लॉरेन्सचा चित्रकार गिर्लांदायो याच्याशी १४८५ मध्ये झालेल्या करारात निळा रंग अल्ट्रामरीनच असावा आणि तो औंसाला सुमारे चार फ्लोरिन (तिथली सोन्याची नाणी) किमतीचा असावा, असे स्पष्ट लिहिले आहे. चित्रकाराने स्वस्त रंग लावून फरक खिशात घालू नये, ही त्यामागची खबरदारी. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा चित्रकार व्हर्मीर याने मात्र असा हिशेब पाळला नाही. त्याच्या, १६६५च्या सुमाराच्या, मोत्याचे डूल घातलेल्या मुलीच्या डोक्यावरचे फडके अल्ट्रामरीनचे आहे. १६७५ मध्ये तो वारला तेव्हा कर्जबाजारी होता.

या रंगाचा एक माग तर दातांत सापडला आहे. जर्मनीतल्या डालहाइम येथील मठाच्या दफनभूमीतल्या, सुमारे ९०० ते हजार वर्षांपूर्वीच्या एका मध्यमवयीन स्त्रीच्या दातांवरच्या कीटणात संशोधकांना लाजवर्दचे शेकडो बारीक कण आढळले, आणि ते संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पोथ्या रंगवताना कुंचल्याला टोक आणण्यासाठी ती तो ओठांत धरत असावी, हे त्याचे सर्वांत सयुक्तिक स्पष्टीकरण. मध्ययुगीन पोथ्या पुरुष भिक्षूच रंगवीत, या समजुतीला त्या कीटणाने धक्का दिला.

अल्ट्रामरीनची मक्तेदारी पहिल्यांदा मोडली ती चुकीतून. १७०६च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंगारी लाल रंग बनवत होता. त्यासाठी घेतलेल्या पोटॅशमध्ये प्राण्यांच्या रक्तापासून बनवलेल्या तेलाची भेसळ झाली होती; भांड्यात लालऐवजी गडद निळा साका बसला. हाच प्रशियन निळा. त्यात लोहाचे दोन वेगळ्या विद्युतभारांचे अणू शेजारी-शेजारी असतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन उडी मारताना लाल-नारिंगी प्रकाश शोषला जातो. हा स्वस्त रंग पुढे जपानलाही पोहोचला आणि १८३१च्या सुमाराच्या चित्रकार होकुसाईच्या महालाटेच्या सुप्रसिद्ध चित्रात उतरला. सायनाइडचे नावही या रंगावरूनच आले आहे.

तरीही चित्रकारांना हवा होता तो अल्ट्रामरीनच. १८०६ मध्ये फ्रान्समध्ये लाजवर्दचे विश्लेषण झाले, तेव्हा त्यात तांबे किंवा कोबाल्टसारखा रंग देणारा धातू मिळालाच नाही. मिळाले ते सिलिका, ॲल्युमिना, सोडा आणि गंधक. जवळपास याच गोष्टी कारखान्यांच्या भट्ट्यांत रोज जळत होत्या. १७८७ मध्ये जर्मन कवी गटेने इटलीतल्या सिसिली बेटावर पालेर्मोजवळच्या चुन्याच्या भट्ट्यांच्या भिंतींवर निळी पुटे पाहिली होती, आणि तिथले लोक ती लाजवर्दच्या जागी शोभेच्या कामाला वापरीत. १८१४ मध्ये फ्रान्समधल्या एका सोड्याच्या भट्टीतही असाच निळा थर आढळला. अखेर फ्रान्सच्या उद्योग-प्रोत्साहन संस्थेने १८२४ मध्ये कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी ६,००० फ्रँकचे बक्षीस लावले आणि १८२८ मध्ये ते झां-बाप्तिस्त गिमे याला मिळाले. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या ग्मेलीनने त्याच सुमारास स्वतंत्रपणे कृती शोधली होती. गिमेने आपली गुप्त ठेवली, ग्मेलीनने प्रसिद्ध करून टाकली. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र करून हवा कोंडून भाजायचे, की आधी हिरवट पदार्थ तयार होतो. मग हवा आत सोडली की तो निळा होतो. पायराइट नाही, कॅल्साइट नाही, मळण्याची यातायात नाही.

या निळाईचे नेमके गुपित उलगडायला विसावे शतक उजाडले. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंचे बारीक पिंजरे या पदार्थात असतात, आणि काही पिंजऱ्यांत गंधकाचे तीन अणू एका जादा इलेक्ट्रॉनसह कोंडलेले असतात. या त्रिकुटाच्या ऊर्जेच्या पायऱ्या नेमक्या इतक्या जवळ आहेत की ते ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी प्रकाश शोषते. पिंजऱ्याबाहेर हवेत हे त्रिकूट क्षणभरही टिकत नाही. पिंजऱ्यात ते हजारो वर्षे राहते. तीनऐवजी दोन अणू कोंडले गेले तर रंग पिवळा येतो, आणि भट्टीतल्या त्या हिरवटपणात या पिवळ्याचा वाटा असतो.

रंग स्वस्त झाला तसा तो चित्रांतून धोबीघाटापर्यंत उतरला. वापरून पिवळसर झालेले सुती कापड निळा प्रकाश थोडा जास्त शोषते. त्यावर निळ्या कणांचा पुसटसा थर बसला की पिवळा भागही शोषला जातो. एकंदर प्रकाश किंचित कमीच परत येतो, पण तो सगळ्या रंगांचा सारखा असल्याने डोळ्यांना कापड शुभ्र भासते. म्हणजे नीळ दिलेला सदरा खरे तर थोडा अधिक करडा असतो! मराठीने या पुडीला नीळ हे नाव दिले तेही उसने आहे. मूळची नीळ ही वनस्पतीची, कापडाच्या धाग्यात मुरणारी. तिचा १८९७ मध्ये कृत्रिम अवतार बाजारात आला आणि भारतातली निळीची शेती कोसळत गेली. चंपारणमधल्या निळीचा अल्ट्रामरीनशी रासायनिक संबंध काहीच नाही. आताच्या द्रवरूप निळीतही बहुधा वेगळेच विद्राव्य रंग असतात.

पुडीत जुना अल्ट्रामरीन आहे की नाही, हे पाहायचे असेल तर चिमूटभर पूड बशीत घेऊन खिडकीपाशी ठेवावी आणि तिच्यावर सौम्य आम्लाचे दोन-चार थेंब टाकावेत. आम्लाने पिंजरे फुटतात. निळा रंग फिका पडत पांढुरका होतो आणि कुजक्या अंड्यांचा वास येतो, कारण कोंडलेले गंधक हायड्रोजन सल्फाइड वायू होऊन बाहेर पडते.