बुद्धिबळातील इंजिन-विश्लेषण

बुद्धिबळाचा डाव किंवा पटावरील एखादी स्थिती संगणकीय इंजिनाकडून (चाली शोधणाऱ्या आज्ञावलीकडून) तपासून घेऊन तिचे मूल्य व उत्तम चाली ठरविण्याची पद्धत. झालेल्या डावाची चिकित्सा, ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या चालींची) तयारी आणि अंत्यडावांचा (थोडी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्याचा) अभ्यास यांसाठी ती वापरतात. इंजिनाशी डाव खेळणे हा विषय निराळा असल्याने येथे घेतलेला नाही.

या पद्धतीचा आरंभ कोठून मानावा याविषयी एकमत नाही. स्पॅनिश अभियंते लिओनार्दो तोरेस केवेदो यांचे १९१२ च्या सुमाराचे यंत्र राजा व हत्ती विरुद्ध एकटा राजा हा अंत्यडाव आपणहून जिंकत असे. काही अभ्यासक सुरुवात तेथपर्यंत मागे नेतात. मात्र ते यंत्र ठरीव नियमांनी चाले. पुढच्या शक्यता पडताळून त्यांतून निवड करणे त्याच्या रचनेत नव्हते. १९४० च्या दशकात जर्मनीत कोन्राड त्सूझ यांनी, तर इंग्लंडमध्ये ॲलन ट्युरिंग व डेव्हिड चँपरनाउन यांनी कागदोपत्री आज्ञावल्या रचल्या. तरीही अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांचा १९५० चा लेख पायाभूत मानणे अधिक सयुक्तिक दिसते, कारण चालींचा शोध आणि स्थितीचे अंकात मूल्यमापन ही आजच्या इंजिनांची दोन्ही अंगे त्यात स्पष्ट मांडलेली आहेत. वजीर ९, हत्ती ५, उंट व घोडा प्रत्येकी ३ आणि प्यादे १ हे नवशिक्यांना शिकवले जाणारे भावच शॅनन यांनी हिशेबाला घेतले होते.

यंत्राकडून खेळाविषयी नवे ज्ञान मिळू लागले ते मुख्यतः अंत्यडावांच्या कोष्टकांतून, म्हणजे प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल नोंदवलेल्या संग्रहांतून. अमेरिकन संगणकतज्ज्ञ केन टॉम्पसन यांनी वजीर विरुद्ध हत्ती या अंत्यडावाच्या सर्व स्थिती उलट दिशेने, म्हणजे मातेपासून मागे मोजत, सोडवल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राऊन वजीर घेऊन या कोष्टकाविरुद्ध बसले. अचूक खेळल्यास ३१ चालींत जिंकता येणारी स्थिती त्यांना ५० चालींत जिंकता आली नाही (मोहरे न मारता व प्यादे न हलवता इतक्या चाली झाल्यास बरोबरी मागता येते, हा ५० चालींचा नियम). हत्ती आपल्या राजाला बिलगून राहील असे पुस्तके सांगत. यंत्र तो खुशाल दूर नेई. ब्राऊन यांनी मधल्या काळात अभ्यास केला आणि दुसऱ्या खेपेस नेमक्या पन्नासाव्या चालीला विजय मिळवला. इंजिनाकडून शिकण्याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. दोन उंट विरुद्ध घोडा या अंत्यडावाबाबतही असेच झाले. अंत्यडावांचे अभ्यासक क्लिंग व हॉरविट्झ यांनी १८५१ मध्ये दाखवलेल्या बचावामुळे तो बरोबरीचा समजला जाई. टॉम्पसन यांच्या १९८३ च्या गणनेने तो सर्वसाधारणपणे जिंकता येतो, पण त्यास ६६ पर्यंत चाली लागू शकतात, असे दाखवले. ५० चालींच्या नियमाला काही अंत्यडावांपुरते अपवाद करण्यात आले होते, ते १९९२ मध्ये काढून टाकण्यात आले. राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतची कोष्टके आज उपलब्ध आहेत. किल्लेकोटाचा (राजा व हत्ती एकाच चालीत हलवण्याचा) हक्क शिल्लक असलेल्या स्थिती त्यांत नसतात.

इंजिनाच्या अंकाचा अर्थ बहुतेक जण गृहीत धरतात, तो तसा सरळ नाही. +१.०० म्हणजे एका प्याद्याची आघाडी हा जुना अर्थ. न्यूरल जाळ्यावर आधारलेले मूल्यमापन स्टॉकफिश या इंजिनात २०२० साली आले. २०२२ च्या अखेरीपासून त्या इंजिनाचा +१.०० हा अंक इंजिन विरुद्ध इंजिन डावात जिंकण्याची निम्मी शक्यता दर्शवतो. म्हणजे तो माणसांच्या डावाविषयी थेट काही सांगत नाही. ०.०० ची गोष्ट आणखी फसवी. स्थिती खरोखर निर्जीव असली तरी हा अंक येतो, आणि ओळीने पाच वेळा एकमेव चाल सापडली तरच टिकाव लागणार असला तरीही तोच येतो. फरक कळण्यासाठी इंजिनाला एकाऐवजी तीन-चार पर्यायी ओळी दाखवायला लावतात, पहिली ०.०० आणि दुसरी -३.०० असेल, तर व्यवहारात जिची पाळी आहे ती बाजू अडचणीत आहे.

शोधाची खोली (इंजिन किती चाली पुढे पाहते ते) वाढली की अंक पक्का होतो, हेही अर्धेच खरे. अटळ हानी शोधाच्या मर्यादेपलीकडे ढकलून ती टळली असे समजण्याचा दोष, म्हणजे क्षितिज-परिणाम, आता बराच कमी झाला आहे. अभेद्य बचावाच्या स्थिती मात्र अजून चकवतात. प्यादी पटभर अडकलेली आहेत, पांढऱ्याकडे हत्ती जास्त आहे, पण आत शिरायला वाट नाही. अशा ठिकाणी इंजिन +४ सांगत राहते. खोली २० वरून ४० झाली तरी अंक तिथेच घुटमळतो. सुचवलेल्या दहा-बारा चाली पुढे खेळून पाहाव्यात. तरीही प्रगती दिसली नाही, तर बरोबरीचा संशय घ्यावा.

शिकण्यासाठीच्या वापराबाबत प्रशिक्षकांत दोन मते आढळतात. डाव संपताच इंजिन लावावे, चूक ताजी असते, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार खेळाडूने आधी स्वतःच्या टिपा लिहाव्यात (कोठे शंका आली, कोणती चाल गणली, कोणती सोडली) आणि इंजिन नंतर उघडावे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण इंजिन चाल देते, कारण देत नाही. स्वतःची गणना लिहिलेली नसेल तर चूक नजरेची होती की निर्णयाची, हे उमगत नाही. ०.३० च्या फरकांवर वेळ घालवण्यात शिकाऊ खेळाडूला फारसा लाभ नाही. अंक जेथे एकदम कोसळला त्या दोन-तीन जागा पुरतात. तेथे आपल्याला सुचलेली चाल इंजिनापुढे टाकून तिचे खंडन मागावे. एका बाजूची पाळी सोडून दिली, तर प्रतिस्पर्ध्याची धमकी काय होती हे उघड होते. ही सोय फारच थोडे जण वापरतात. डी. गुकेश यांना प्रशिक्षक विष्णु प्रसन्ना यांनी घडणीच्या वर्षांत इंजिनापासून दूर ठेवले होते. गुकेश २०२४ मध्ये जगज्जेते झाले, पण एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही.

समोरासमोरच्या स्पर्धांत डाव चालू असताना इंजिनाची मदत घेण्यास बंदी आहे. अपुरा डाव स्थगित ठेवण्याची प्रथा १९९० च्या दशकात मागे पडली, स्थगितीच्या काळात इंजिन वापरता येणे हे त्याचे एक प्रमुख कारण. आंतरराष्ट्रीय पत्रबुद्धिबळ (दूर राहून चाली कळवत खेळायचे बुद्धिबळ) संघटनेच्या स्पर्धांत मात्र इंजिनाला मुभा आहे. तेथे वरच्या पातळीवरील बहुतेक डाव बरोबरीत सुटतात.