मूलोद्योग शिक्षण

मूलोद्योग शिक्षण : एखादा उत्पादक हस्तव्यवसाय केंद्रस्थानी ठेवून त्याच्या आधारे भाषा, गणित, विज्ञान इ. विषय शिकविण्याची शालेय शिक्षणपद्धती. वर्धा शिक्षण योजना, नई तालीम आणि जीवनशिक्षण या नावांनीही ती ओळखली जाते. महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत प्राथमिक शाळेच्या पाटीवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ असे नाव आजही दिसते, ते याच योजनेची खूण होय.

या कल्पनेच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एक मत असे, की तिचे मूळ महात्मा गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतील प्रयोगांत, विशेषतः १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ सुरू झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर आहे. तेथे मुले शेतीकाम करीत, सुतारकाम शिकत आणि चपला बनवीत. चपलांचे कसब गांधींचे सहकारी कॅलनबाख यांनी ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मठात जाऊन आत्मसात केले होते. तथापि त्या शाळेचे वर्ग दुपारी भरत, आणि सकाळच्या श्रमाने थकलेले विद्यार्थी व शिक्षक दोघेही पेंगत असत, असे गांधींनीच लिहून ठेवले आहे. म्हणजे तेथे श्रम आणि पाठ शेजारी शेजारी असले, तरी श्रमातूनच पाठ निघावा ही गोष्ट तोवर साधलेली नव्हती. दुसरे मत यूरोपीय प्रभावाचे आहे. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेअस यांनी १८६६ च्या सुमारास हस्तव्यवसायाला लोकशाळेत स्थान मिळवून दिले, तर म्यूनिक येथे केर्शेनश्टायनर यांनी ‘कार्यशाळे’ची, म्हणजे कामातून शिकविणाऱ्या शाळेची कल्पना मांडली. योजनेचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन हे बर्लिनमधील शिक्षण पूर्ण करून १९२६ मध्ये परतले होते आणि केर्शेनश्टायनर यांच्या विचारांचा त्यांच्यावर ठसा होता. रवींद्रनाथ टागोरांनी १९२४ मध्ये सुरू केलेल्या शिक्षासत्र या ग्रामीण मुलांसाठीच्या शाळेचाही या संदर्भात उल्लेख होतो. उपलब्ध पुराव्यावरून प्रेरणा गांधींची व शास्त्रीय मांडणी झाकिर हुसेन समितीची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

गांधींनी १९३७ मध्ये हरिजन पत्रातून ही कल्पना मांडली व २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे त्यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. परिषदेने नेमलेल्या समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा प्रभृती होते. समितीने डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल दिला; हरिपुरा काँग्रेसने फेब्रुवारी १९३८ मध्ये योजनेला मान्यता दिली आणि पुढे सेवाग्राम येथे ती राबविण्यासाठी हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला. ७ ते १४ वयोगटासाठी मातृभाषेतून सक्तीचे व मोफत शिक्षण अहवालात अभिप्रेत होते. साडेपाच तासांच्या शालेय दिवसापैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, ४० मिनिटे मातृभाषेला, ४० मिनिटे संगीत, चित्रकला व गणिताला, ३० मिनिटे सामाजिक शास्त्रे व सामान्य विज्ञानाला आणि १० मिनिटे शारीरिक शिक्षणाला दिलेली होती. उरलेली १० मिनिटे सुटीची.

गणिताला इतका थोडा वेळ पाहून आश्चर्य वाटेल. परंतु उद्योगाच्या तासातच गणित घडावे, अशी अपेक्षा होती. या जोडणीला ‘समवाय’ म्हणतात व तीच या पद्धतीचा गाभा आहे. टकळीवरील सूतकताईचे उदाहरण घेता येईल. चार फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी, या मापाने गुंडीची लांबी २,५६० फूट, म्हणजे ८५३ वारांहून किंचित अधिक भरते. गिरणीच्या हिशेबात ८४० वारांची एक गुंडी धरून अशा जितक्या गुंड्या एका रतलात (पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये) बसतील तो सुताचा अंक समजतात. जवळपास तेवढ्याच लांबीच्या आपल्या गुंडीचे वजन २५ ग्रॅम भरले, तर ४५४ ला २५ ने भागून सूत सुमारे १८ अंकाचे आहे हे मूल स्वतःच काढते, आणि शेजारच्या मुलाच्या सुताचा अंक अधिक असूनही त्याची गुंडी हलकी का भरली, या प्रश्नातून व्यस्त प्रमाण त्याच्या हाती लागते. पेळूतील (पिंजलेल्या कापसाच्या वळीतील) सुटे तंतू ओढताच निसटतात, पण पीळ बसला की घर्षणामुळे एकमेकांना धरून राहतात, हे विज्ञान त्याच्या बोटांना आधी कळते व शब्दांत मागाहून येते. सरकीपासून वर्ध्याच्या काळ्या जमिनीकडे आणि तेथून कापसाच्या बाजारपेठेकडे भूगोल नेता येतो. अर्थात यासाठी उद्योग व विषय दोन्हींवर पकड असलेला शिक्षक लागतो. असे शिक्षक पुरेसे तयार झाले नाहीत, तेथे मुले नुसती सूत कातत राहिली.

सर्वांत तीव्र वाद स्वावलंबनाविषयी झाला. मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचा पगार निघावा, ही गांधींची अपेक्षा होती. शाळेत तयार होणारा माल कारागिरांच्या मालाशी स्पर्धा करील व मुलांवर श्रमाचा बोजा पडेल, असा आक्षेप अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी घेतला. खुद्द समितीनेही आर्थिक बाजूवर भर दिल्याने शैक्षणिक उद्दिष्टांचा बळी जाऊ शकेल, असा इशारा दिला होता, आणि तो रास्त होता.

कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ सुचविला आणि ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही संज्ञा आणली. परंतु या दोन्हींत काम हे वेळापत्रकातील एक स्वतंत्र तासिका बनले. समवाय मागे पडला. महाराष्ट्रात मूळ विचाराशी अधिक जवळीक राखणारा प्रयोग म्हणजे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे सुरू केलेला विज्ञान आश्रम होय. त्याच्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या माध्यमिक शाळांतील अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे चार विभाग असून, विद्यार्थी गावाला उपयोगी पडणारी कामे करीत शिकतात. सेवाग्राम येथे आनंद निकेतन ही शाळा नई तालिमीच्या धर्तीवर चालते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इ. ६ वी ते ८ वीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, अशी शिफारस आहे.