कमरेवरच्या मुठीत काय असतं?

कराटेच्या क्लासला जाणाऱ्या कुठल्याही मुलाला म्हणा, 'दाखव रे काय शिकलास.' तो पाय फाकवून उभा राहील, एक हात सरळ पुढे मारेल आणि दुसऱ्या हाताची मूठ वळून कमरेशी ओढून घेईल. हे पहिल्याच दिवशी शिकवतात. कमरेकडे येणाऱ्या या हाताला 'हिकिते' म्हणतात, म्हणजे ओढणारा हात. बॉक्सिंगच्या कोचने हे पाहिलं तर तो हमखास ओरडेल, कारण त्याच्या मते मोकळा हात गालाशीच असला पाहिजे. तोंड उघडं टाकून मूठ कमरेवर ठेवायची म्हणजे समोरच्याला आमंत्रणच. मग कराटे जिथे वाढलं त्या ओकिनावा बेटाच्या लोकांनी ही चूक पिढ्यान्‌पिढ्या का जपली?

मी गोजू-ऱ्यू शैलीचं कराटे करतो. पहिली काही वर्षं हा प्रश्न मला पडलाच नव्हता. उत्तर मिळालं ते एका संध्याकाळी, सरावात जोडीदाराने माझं मनगट धरून खसकन ओढलं तेव्हा. माझा तोल गेला, मान पुढे आली आणि त्याची दुसरी मूठ माझ्या हनुवटीपासून बोटभर अंतरावर येऊन थांबली. त्याची कमरेवरची मूठ रिकामी नव्हती, तिच्यात माझं मनगट होतं. एकट्याने हवेत काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करताना ते मनगट दिसत नाही, एवढंच.

त्या ओढण्यात साधं भौतिकशास्त्र आहे. मूठ पुढे येते आहे आणि डोकं मुठीकडे खेचलं जातं आहे, म्हणजे दोन्ही वेगांची बेरीज होते. शिवाय ज्याचा तोल गेला तो मागे सरून आघात बोथट करू शकत नाही. त्याचा एक हात अडकलेला आणि अंधारातसुद्धा तो नेमका कुठे आहे हे तुम्हाला तुमच्या हातातूनच कळतं. या शेवटच्या मुद्द्याकडे पुढे परत येऊ. माझ्या मते पारंपरिक ओकिनावन कराटे खऱ्या मारामारीत उपयोगी पडतं की नाही, याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

ओकिनावा आज जपानच्या दक्षिण टोकाला आहे, पण १८७९ साली जपानने ते पूर्णपणे ताब्यात घेईपर्यंत तिथे ऱ्युक्यू राजांची गादी होती आणि चीनच्या फुच्यान प्रांताशी सतत ये-जा होती. शुरी, नाहा आणि तोमारी या जवळजवळच्या तीन ठिकाणी ही हातघाईची विद्या वाढली. उएची-ऱ्यू ही शैली ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते कान्बुन उएची १८९७ साली फुच्यानमधल्या फूचौला गेले ते १९१० मध्ये शिकून परतले. 'कराटे' हा शब्द आधी 'चिनी हात' अशा अर्थाच्या चिन्हांनी लिहीत. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहामध्ये जुन्याजाणत्या गुरूंची बैठक झाली, तिथे 'रिकामा हात' हे लेखन पक्कं झालं.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र त्याआधीची एक घटना जास्त महत्त्वाची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावाचे गुरू आंको इतोसु यांनी कराटे शाळांमध्ये आणलं. १९०८ साली त्यांनी शिक्षण खात्याला दहा मुद्द्यांचं पत्र लिहिलं. लहानपणापासून शिकवलं तर शरीर कमावलं जाईल, पुढे सैन्यातही उपयोग होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. तोवर गुरू घरच्या अंगणात दोन-चार शिष्यांना हाताला हात लावून शिकवत असत. आता मैदानावर मुलांच्या रांगा उभ्या राहिल्या. रांगेतल्या मुलांना डोळे, गळा, सांधे यांवरचे प्रकार शिकवता येत नाहीत आणि शिकवूही नयेत. त्यामुळे हालचाली राहिल्या, पण त्या कशासाठी हे मागे पडलं. इतोसुंनी केलं ते चांगल्या हेतूने केलं आणि त्यामुळेच ही विद्या जगभर पोचली. पण गावोगावच्या क्लासमध्ये आज जे शिकवलं जातं त्यातलं बरंचसं या शालेय कराटेचं वंशज आहे. लढाईत ते चालतं का, हे विचारताना एवढं लक्षात ठेवायला हवं.

जुन्या काताच्या आत काय दडलेलं आहे ते एका उदाहरणावरून पाहू. गोजू-ऱ्यूमध्ये 'साइफा' नावाचा काता आहे. त्याची सुरुवातच मजेशीर आहे: उजवा पाय तिरका पुढे टाकायचा, आपल्याच उजव्या मुठीवर डावा तळवा ठेवायचा, अंग वळवत कोपर पुढे काढायचं आणि मग मूठ उलटी फिरवून समोर मारायची. हेच आलटून पालटून तीनदा. लांबून बघणाऱ्याला हा नाच वाटेल. आता कल्पना करा, कुणीतरी तुमचं उजवं मनगट घट्ट धरलं आहे. माणसाची पकड चार बोटांच्या बाजूने भक्कम असते आणि अंगठ्याच्या बाजूने कच्ची, कारण तिथे एकटा अंगठा चार बोटांचं काम करत असतो. नुसत्या दंडाच्या जोराने हात मागे ओढाल तर ताकदवान माणूस सोडणार नाही. पण तिरकं पाऊल, वळणारी कंबर आणि वरून लावलेला दुसरा हात, असं सगळ्या अंगाचं वजन त्या एका अंगठ्यावर येतं, तेव्हा पकड सुटते. सुटलेली मूठ तशीच उलटी फिरून नाकावर जाते.

हे सुंदर आहे आणि खरंही आहे. पण कातामध्ये पकडणारा माणूस नाही. तो घट्ट धरून दुसऱ्या हाताने मारत नाही, शिव्या देत नाही, भिंतीकडे रेटत नाही. शाळेत आपण 'रामः रामौ रामाः' घोकलं. ते पाठ असलेला माणूस संस्कृतात बोलू शकतोच असं नाही, पण बोलायला शिकणाऱ्याला ते पाठांतर फार कामाला येतं. काताचं तसंच आहे. शोतोकान शैलीचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांनी नाइहांचीचे तीन काता शिकण्यात दहा वर्षं घालवली, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. इतका काळ एकाच शब्दरूपावर घालवायचा तर बरोबर बोलायला कुणीतरी हवं.

शरीर घडवण्याच्या बाबतीत मात्र जुन्या पद्धतीची बाजू भक्कम आहे. माकिवारा म्हणजे जमिनीत रोवलेली लवचीक फळी, वरच्या टोकाला तांदळाच्या पेंढ्याची दोरी गुंडाळलेली. तिच्यावर ठोसा मारला की ती वाकते आणि जितकी वाकते तितकी जोराने परत ढकलते. मनगट किंचित जरी तिरकं असलं तरी हे ढकलणं लगेच कळतं. चापट बसल्यासारखा आवाज आला, तर ठोसा चुकला. खोल 'धप्प' आवाज आला आणि टाचेपर्यंत जाणवलं, तर बरोबर. मारामारीत हाताचं सर्वांत जास्त मोडणारं हाड करंगळीमागचं, कारण करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची तळहातातली हाडं सैल असतात. तर्जनी आणि मधल्या बोटाची हाडं मनगटाशी जवळजवळ जखडलेली असतात. माकिवारा याच पहिल्या दोन सांध्यांवर मारायची सवय लावतो. हाड वारंवार पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची रचना बदलतं, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं. ही प्रक्रिया महिन्यांची, वर्षांची आहे. घाई केली तर सांधे सुजतात आणि वाढत्या वयातल्या मुलांना तर माकिवाऱ्यापासून दूरच ठेवावं. ती हाडं अजून लांब होत असतात.

ताकदीबद्दल २०१२ साली एक छान अभ्यास आला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी १२ ब्लॅक बेल्टधारक आणि कराटे न शिकलेले पण नियमित व्यायाम करणारे १२ जण निवडले आणि फक्त ५ सेंटिमीटरवरून ठोसा मारायला सांगितलं. ब्लॅक बेल्टवाल्यांचा ठोसा जास्त जोरदार होता आणि फरक मुख्यतः वेळ जुळण्यात होता: खांदा आणि मनगट यांचा सर्वोच्च वेग नेमका एकमेकांना धरून येणं. मेंदूच्या चित्रणात या जुळणीचा संबंध लहान मेंदूच्या पांढऱ्या द्रव्याच्या रचनेशी दिसला. सरावानेच मेंदू बदलला की तसा मेंदू असलेलेच टिकले, हे यातून सिद्ध होत नाही. पण एवढ्या जवळून जोर काढणं हे दंडाच्या बेटकुळीचं काम नाही, हे मात्र स्पष्ट झालं.

आता अडचणीच्या भागाकडे येऊ. अमेरिकेतल्या एमआयटीतले भौतिकशास्त्रज्ञ मायकेल फेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत कराटेपटूच्या हाताचा कमाल वेग सेकंदाला १० ते १४ मीटर भरला. स्थिर मूठ ६० सेंटिमीटरच्या प्रवासात १० मीटरच्या वेगाला पोचते असं धरलं, तर तिला साधारण ०.१२ सेकंद लागतात. डोळ्यांनी पाहून नुसतं बटण दाबायला माणसाला ०.२ सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे सुटलेला ठोसा पाहून मग 'ब्लॉक' करणं जमणारं नाही. त्यात डोक्यात पर्याय जितके जास्त, तितका निर्णयाला वेळ जास्त, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हिक यांनी १९५२ मध्ये दाखवलं. रांगेत उभं राहून वीस प्रकारचे ब्लॉक पाठ करणाऱ्याने या दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. जपानी भाषेत या हालचालींना 'उके' म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ अडवणं असा नाही, स्वीकारणं असा आहे.

मग अनुभवी कराटेपटू ठोसा चुकवतो कसा? २००२ साली शुजी मोरी आणि सहकाऱ्यांनी कराटेपटूंची नवख्यांशी तुलना केली. पडद्यावर साधे ठिपके दाखवले तेव्हा फरक थोडा होता. हल्ला करणाऱ्याचं चित्रण दाखवलं तेव्हा फरक ठळक झाला. म्हणजे त्यांचे मज्जातंतू वेगळे नव्हते, खांदा हलला की पुढे काय येणार हे त्यांना वाचता येत होतं. आणि हे वाचन फक्त माणसासमोर उभं राहूनच शिकता येतं. हवेत कुणाचा खांदा हलत नाही.

ओकिनावाचे लढवय्ये कराटे गुरू चोकी मोतोबु यांना हे पुरतं उमगलं होतं. १८७० साली जन्मलेले, शुरीच्या राजघराण्याशी नातं असलेले मोतोबु तरुणपणी नाहाच्या त्सुजी वस्तीत जाऊन आव्हानाच्या लढती लढत. या लढतींना 'काकेदामेशी' म्हणत आणि त्या बऱ्याचदा मनगटाला मनगट लावूनच सुरू होत. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला, पन्नाशी उलटल्यावर, क्योतोमध्ये त्यांनी एका परदेशी बॉक्सरला आडवं केलं. १९२५ साली 'किंग' मासिकात ती हकिगत छापून आली, मात्र चित्रात मोतोबुंच्या जागी फुनाकोशी होते. मोतोबुंचा भर नाइहांची या एका काताच्या वापरावर, माकिवाऱ्यावर आणि जोडीने करायच्या सरावावर होता. पर्याय मोजके, पण प्रत्येक पर्याय समोरच्या माणसावर घासून घेतलेला.

आजच्या एमएमएच्या, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकला एकत्र चालणाऱ्या लढतींच्या, पिंजऱ्यात काय दिसतं? यूएफसी या अशा लढतींच्या स्पर्धेत १९९३ साली, पहिल्याच खेपेला, ठोसे-लाथा मारणारे जमिनीवर नेले गेले आणि जमिनीवर पकडी टाकणाऱ्या ब्राझिलियन जिउ-जित्सुवाल्या रॉयस ग्रेसीने बाजी मारली. २००९ साली ल्योतो माचिदा यूएफसीत लाइट हेवीवेटचा विजेता झाला तो वडिलांनी शिकवलेल्या शोतोकान कराटेच्या जोरावर, पण बरोबर त्याने जिउ-जित्सुही पक्कं केलं होतं. शिवाय त्याची ताकद लांबच्या अंतराच्या अचूक अंदाजात होती, जी मुख्य जपानमध्ये वाढलेल्या कुमितेची, म्हणजे जोडीदाराशी लढण्याच्या सरावाची, देणगी आहे. जुनं ओकिनावन कराटे त्याहून जवळचं, हात लागेल एवढ्या अंतरावरचं आहे. जमिनीवर पडल्यावर काय करायचं, याचं उत्तर त्याच्यापाशी फारसं नाही.

भीतीचाही विचार करावा लागतो. नेदरलँड्समध्ये पोलिसांच्या एका गटाने पुठ्ठ्याच्या निशाणांवर गोळीबाराचा सराव केला, तर दुसऱ्या गटाने रंगाच्या गोळ्या उलट झाडणाऱ्या खऱ्या माणसांसमोर. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दुसऱ्या गटाची अचूकता नंतर दडपणाखालीही ढासळली नाही आणि चार महिन्यांनीही टिकून होती. पुठ्ठ्यावर शिकलेल्यांची ढासळली. थोडं घाबरून केलेला सराव भीतीच्या वेळी उपयोगी पडतो. ज्या दोजोमध्ये (सरावाच्या जागी) जोडीदार कधीच मनाविरुद्ध ढकलत नाही, तिथल्या ब्लॅक बेल्टवर भरवसा ठेवून रात्री कुणी कुणाशी भिडू नये, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना कळकळीने सांगतो.

गोजू-ऱ्यूमध्ये 'काकिए' नावाचा सराव आहे. बऱ्याच क्लासमध्ये तो वेळ उरला तर करतात किंवा करतच नाहीत, आणि मला याचं फार वाईट वाटतं. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट लावायचं आणि आळीपाळीने ढकलायचं-स्वीकारायचं. आपल्या कुस्तीतली खडाखडी पाहिलेल्याला हे ओळखीचं वाटेल. सुरुवातीला लय ठरलेली असते. मग जोडीदाराला सांगायचं, मनात येईल तेव्हा पकड, ओढ, मार. माणसाचा प्रतिसाद स्पर्शाला डोळ्यांपेक्षा लवकर येतो, साधारण ०.१५ सेकंदांत, कारण डोळ्याच्या पडद्यावर प्रकाशाचं संकेतात रूपांतर व्हायलाच वेळ जातो. आणि हाताला हात लागलेला असतो तेव्हा हल्ल्याची चाहूल ठोसा सुटण्याआधीच दाबातल्या बदलातून लागते.

आमच्याकडे नवीन मुलं पहिले काही आठवडे जोडीदाराच्या डोळ्यांकडे बघत राहतात आणि प्रत्येक वेळी उशिरा पोचतात. मग मी त्यांना डोळे मिटून काकिए करायला सांगतो. गेल्या महिन्यात एका मुलीच्या मनगटावरचा दाब अचानक सैल झाला. जोडीदार ठोशासाठी हात काढून घेत होता. डोळे मिटलेले असतानाच तिने तो निसटता हात पकडला, कमरेशी ओढला आणि तिची दुसरी मूठ पुढे गेली.