लिंकन (इलिनॉय)

लिंकन : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी इलिनॉय राज्यातील शहर व लोगन काउंटीचे मुख्य ठाणे. स्प्रिंगफील्डच्या ईशान्येस सुमारे ५० किमी.वर, शिकागो–सेंट लूइस लोहमार्गावर ते वसले आहे. एब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी, त्यांच्या माहितीने त्यांचे नाव दिलेले हे पहिले गाव मानले जाते.

आधी येथे पश्चिमेकडील पोस्टव्हिल (स्था. १८३५) ही वस्ती होती. काउंटीचे ठाणे १८३९ च्या सुमारास तेथे आले व १८४८ मध्ये माउंट पुलास्कीला गेले. ऑल्टनकडून येणारा लोहमार्ग १८५२ मध्ये स्प्रिंगफील्डला पोहोचला. तो पुढे ब्लूमिंग्टनकडे निघाला, तेव्हा वाटेतल्या गवताळ माळाला एकदम भाव आला. लोहमार्ग कंपनीचे संचालक व्हर्जिल हिकॉक्स, काउंटीचे शेरीफ रॉबर्ट लेथम व पशुधनाचे मोठे व्यापारी जॉन जिलेट यांनी गावासाठी जागा मिळविली. काउंटीचे ठाणे तेथे नेण्याची तजवीज १८५३ मध्येच कायद्याने झाली. मार्गाची आगाऊ माहिती, काउंटीतील वजन आणि भांडवल हे तिन्ही या भागीदारीत एकत्र आले, ही स्थापनेतील खरी महत्त्वाची बाब होय. व्यवहाराची कागदपत्रे वकील लिंकन यांनी केली. लोहमार्ग कंपनीचे कामही ते पाहत. मार्ग बदलल्याचे कारण सांगून भागाचे पैसे नाकारणाऱ्या भागधारकाविरुद्धचा दावा त्यांनी १८५१ मध्ये कंपनीला जिंकून दिला होता.

नामकरणाचा दिवस परंपरेने २७ ऑगस्ट १८५३ धरतात. लिंकन यांनी कलिंगड फोडून त्याचा रस टिनच्या पेल्यात काढला व तो जमिनीवर शिंपडला, अशी कथा आहे. ‘लिंकन नावाच्या कशाचेही फारसे भले झालेले नाही’, असे ते त्या वेळी म्हणाल्याचेही सांगतात. हे तपशील मुख्यतः नंतरच्या आठवणींतून आले आहेत व त्यांच्यात फरक आढळतात. नाव स्प्रिंगफील्डच्या कचेरीत कागद करतानाच ठरले, की भूखंडविक्रीच्या वेळी जागेवर, याविषयीही एकमत नाही. पहिले मत अधिक संभवनीय वाटते, कारण खरेदी-विक्रीच्या कागदांना गावाचे नाव लागतेच. स्थानकाजवळ कलिंगडाच्या फोडीचे स्मारक आहे.

जुन्या गावठाणाचे रस्ते चार दिशांना धरून नाहीत. रुळांना समांतर व काटकोनात असल्याने नकाशावर तिरपे दिसतात. पोस्टव्हिलचे रस्ते मात्र सरळ उत्तर-दक्षिण आहेत. दोन वस्त्यांचा सांधा त्यावरून आजही ओळखता येतो.

नवे न्यायालय १८५७ मध्ये जळाले व पुन्हा बांधले गेले. लिंकन विद्यापीठाची (पुढे महाविद्यालय) पायाखोदणी १२ फेब्रुवारी १८६५ रोजी, लिंकन यांच्या अखेरच्या वाढदिवशी झाली; ३ मे रोजी त्यांच्या अंत्ययात्रेची गाडी याच मार्गाने गेली. ती संस्था २०२२ मध्ये बंद पडली. पोस्टव्हिलचे जुने न्यायालय हेन्री फोर्ड यांनी १९२९ मध्ये उचलून मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे नेले. मूळ जागी १९५३ मध्ये त्याची प्रतिकृती उभारली गेली.