भीती पुसली जात नाही, मागे सारली जाते

किशोरवयीन मुलांच्या नैराश्यावर किंवा अतिचिंतेवर पडद्यावरून, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, उपचार होतात असे सांगितले, की ‘आधीच मुले मोबाइलला चिकटलेली, त्यात उपचारही मोबाइलवरच का?’ हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. पण या उपचारांमागचे विज्ञान त्यात हरवते.

आठवड्यातून तासभर समुपदेशन आणि रुग्णालयात भरती यांच्यामधली एक पायरी अमेरिकेत रूढ आहे: आठवड्यातून तीन ते पाच दिवस, दिवसाला साधारण तीन तास गटसत्रे, वैयक्तिक सत्रे आणि पालकांसोबतची सत्रे. २०२०च्या साथीत असे अनेक कार्यक्रम व्हिडिओवर आले आणि पुढेही तिथेच टिकले.

भीतीवरील उपचारात रुग्णाला भीतीच्या गोष्टीसमोर टप्प्याटप्प्याने नेतात. वर्गात बोलायला घाबरणारी मुलगी आधी ‘माझा आवाज कापेल आणि सगळे हसतील’ असे भाकीत लिहून ठेवते, मग गटसत्रात माइक सुरू करून बोलते, आणि प्रत्यक्षात काय घडले ते त्या भाकिताशेजारी लिहिते. दोन्हींतली तफावत हेच खरे औषध. मात्र या तफावतीने जुनी भीती पुसली जात नाही, ‘इथे धोका नाही’ अशी दुसरी स्मृती तयार होऊन पहिलीला आवर घालते. मार्क बाउटन आणि रॉबर्ट बोल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली उंदरांवरील प्रयोगांत दाखवले, की एका पिंजऱ्यात जडलेली भीती दुसऱ्या पिंजऱ्यात घालवली, तरी उंदीर पहिल्या पिंजऱ्यात परतताच ती पुन्हा उसळते. भीती सहज सगळीकडे पसरते, सुरक्षिततेची शिकवण मात्र जागेला बांधलेली राहते, आणि कोणत्या जागी कोणती स्मृती वर काढायची हे ठरवण्यात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाचा मोठा वाटा असतो. म्हणूनच दवाखान्यात धीट झालेले मूल घरी येताच पुन्हा दार लावून बसू शकते. पडद्यावरील उपचारांचा फायदा मला इथे दिसतो: सराव त्या दाराशी, जेवणाच्या टेबलाशी, पुढे बसथांब्यावरही करून घेता येतो. ‘भीती कायमची नष्ट’ अशी हमी देणारी जाहिरात आणि ‘बाहेरचे लागले’ म्हणून लावलेला अंगारा, दोन्ही मला सारख्याच मोलाचे वाटतात.

पण पडदा पळवाटही ठरतो. कॅमेरा बंद ठेवून सत्राला बसणारा मुलगा हजर दिसतो, प्रत्यक्षात तो टाळाटाळीचाच सराव करत असतो. अनुभवी उपचारक कॅमेरा सुरू करणे हीच त्याची पहिली पायरी ठरवतात. शिवाय मूल या क्षणी कुठे आहे आणि घरात जबाबदार मोठे माणूस कोण आहे, हे सत्राच्या आरंभीच विचारून घ्यावे लागते. जिवाला तातडीचा धोका असेल तर पडदा पुरत नाही, रुग्णालयच गाठावे लागते.

भारतात १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते, पण ती सल्ला देऊन पुढची वाट दाखवणारी सेवा आहे, आठवड्याला दहा-बारा तासांचा उपचार नव्हे.